बातमी कुठून आली? ब्लॉकचेनचा नेमका उपयोग

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, ऐन आठवडे बाजाराच्या दिवशी, पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. मंगळवेढ्याच्या भागातून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं होती. 'मुलं पळवणारी टोळी फिरते आहे' ही अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचली होती. त्या दिवसांत देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे जण रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसतात. ती चित्रफीत मुळात कराचीत, पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला लगेच परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. फिरलेल्या प्रतीतून हा शेवट कापलेला होता. २०१३ मध्ये सीरियात विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेल्या मुलांचा फोटोही याच अफवेला जोडून फिरवला गेला.

या दोन्ही चित्रांत बनावट काहीच नव्हतं. एकाचा शेवट कापला, दुसऱ्याचं साल आणि ठिकाण बदललं, एवढंच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या काळातही आपल्याकडे फिरणारा खोटा मजकूर पुष्कळदा याच दोन प्रकारांत मोडतो: जुनं नवं म्हणून येतं आणि तिकडचं इकडचं म्हणून. त्यामुळे 'ब्लॉकचेनने खोट्या बातम्या थांबतील का' असं ढोबळपणे विचारू नका. हे चित्र केव्हापासून अस्तित्वात आहे, ते कोणी दिलं आणि त्यानंतर त्यात काही बदललं का, असे तीन प्रश्न विचारा. या तिन्हींची उत्तरं मिळवायला ब्लॉकचेनची खरोखर मदत होते. त्यात सांगितलेलं खरं आहे का, या चौथ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नाही आणि पुढेही नसेल. तालुक्याचा वार्ताहर, छोटं बातम्यांचं पोर्टल चालवणारे, साप्ताहिकाचे संपादक, शाळेच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपचे ॲडमिन, संस्थांचे कार्यकर्ते अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. पैसे खर्च न करता आजपासून काय करता येईल आणि कशाच्या नादी लागू नये, ते यात सांगतो आहे.

हॅश म्हणजे काय

फोटो, व्हिडिओ किंवा बातमीचा मजकूर, कोणतीही फाइल ठरावीक गणिती प्रक्रियेतून नेली की तिच्यापासून एक खूण तयार होते. तिला हॅश म्हणतात. सर्रास वापरात असलेल्या एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेली हॅश अंक आणि अक्षरं मिळून ६४ चिन्हांची असते. फाइल लहान असो की अवाढव्य, चिन्हं ६४ च. फोटोतल्या एका ठिपक्याचा रंग बदलला किंवा मजकुरातला एक स्वल्पविराम काढला, तरी हॅश पूर्ण वेगळी येते. हॅशवरून मूळ फोटो परत तयार करता येत नाही, त्यामुळे फोटो उघड न करताही त्याची खूण जाहीर करता येते.

ही खूण तारखेसह अशा जागी ठेवायची, की नंतर ती ठेवणाऱ्यालासुद्धा बदलता येऊ नये. ब्लॉकचेनवर चालणाऱ्या बिटकॉइन या आभासी चलनापेक्षा ही कल्पना बरीच जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी डिजिटल कागदपत्रावर काळाची मोहोर कशी उमटवावी, यावर १९९१ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत, हरवलं-सापडलंच्या रकान्यात, दर आठवड्याला अशा नोंदींची एकत्रित हॅश छापायला सुरुवात केली. लाखो घरांत आणि ग्रंथालयांत पोचलेले अंक मागाहून कोण बदलणार? २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनचा निबंध आला, तेव्हा त्याच्या आठ संदर्भांपैकी तीन याच जोडीच्या लेखनाचे होते. ब्लॉकचेनच्या मुळाशी एक छापील वर्तमानपत्र आहे, ही गोष्ट पत्रकारांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. तिचा उपयोग पुढे सांगणार आहे.

ब्लॉकचेनमध्ये छापील अंकाचं काम जगभर पसरलेले असंख्य संगणक करतात. नोंदींचे गठ्ठे बांधले जातात आणि प्रत्येक नव्या गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याची हॅश घातलेली असते, म्हणून त्यांची साखळी बनते. मधली एखादी नोंद बदलायची, तर तिच्यानंतरचे सगळे गठ्ठे नव्याने बांधावे लागतात आणि जाळ्यातल्या बाकीच्या संगणकांना मागे टाकावं लागतं. मोठ्या सार्वजनिक जाळ्यावर हे जवळजवळ अशक्य होऊन बसतं.

ज्यांनी जमिनीचे व्यवहार केले आहेत, त्यांना याची मर्यादा चटकन कळेल. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदवलं की ते कोणत्या तारखेला, कोणी, कोणाला करून दिलं हे पक्कं होतं. विकणारा त्या जमिनीचा खरा मालक होता का, याची हमी ती नोंदणी देत नाही. त्यासाठी सातबारा, फेरफार आणि जुने दस्त चाळावेच लागतात. बातमीचंही तसंच. खोटी बातमी ब्लॉकचेनवर नोंदवली तरी ती खोटीच राहते. तिची तारीख तेवढी पक्की होते.

रोज वापरात असलेलं एक उदाहरण

भारतातले कोट्यवधी लोक या जातीचं तंत्रज्ञान नकळत रोज वापरतात. बँकेचा, विमा कंपनीचा किंवा वीजबिलाचा एसएमएस येतो, त्यामागे डीएलटी नावाची सामाईक नोंदप्रणाली असते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला दूरसंचार कंपन्या चालवत असलेल्या या प्रणालीवर नाव नोंदवावं लागतं. संदेश ज्या नावाने येतो ते 'हेडर' आणि संदेशाचा ठरावीक मसुदाही आधी नोंदवायचा असतो. नोंदीशी न जुळणारा संदेश कंपनीने अडवायचा, असा नियम आहे. २०२५ पासून हेडरच्या शेवटी एक इंग्रजी अक्षरही येतं: जाहिरातीला पी, सेवेच्या संदेशाला एस, व्यवहाराच्या संदेशाला टी आणि सरकारी संदेशाला जी. 'तुमची वीज आज रात्री तोडली जाईल' असा संदेश साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आला, तर तो उघडायचंही कारण नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं एकच शिकवलं तरी पुष्कळ फसवणुकी टळतील.

या प्रणालीला काय काय सोसावं लागलं, तेही पाहा. मार्च २०२१ मध्ये संदेश नोंदींशी ताडून पाहण्याची अंमलबजावणी सुरू होताच अनेक बँकांचे ओटीपी अडकले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली. पुढे नोंदवलेली हेडर आणि मसुदे भलत्याच लोकांच्या हाती पडून त्यांचा गैरवापर होऊ लागला, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्यांची फेरतपासणी करण्याचे आदेश निघाले. प्रणालीत नोंदी होत्या, त्या शाबूतही होत्या, पण नोंद करताना माणूस नीट तपासला गेला नव्हता. कोणतीही ब्लॉकचेन योजना पारखताना आधी हे पाहावं, की नोंद करायच्या आत तपासणी कोण करतं आणि ती चुकली तर जबाबदार कोण.

जिथे मजकूर देणारा एकच आणि ओळखीचा असतो, तिथे ही पद्धत चांगली बसते. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीच्या उपविभागीय कार्यालयाने २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं. दाखला देणारं कार्यालय एकच, दाखल्याचा नमुना ठरलेला, तपासायचं तेवढंच की कागद त्याच कार्यालयाचा आहे का आणि त्यात फेरफार झाला का. बातमीचं काम इतकं सोपं नसतं. तिथे लिहिणारे हजार, त्यात सांगोवांगीही भरपूर आणि व्हॉट्सॲपवरच्या मजकुराला डीएलटीसारखं काहीच लागू नाही.

वृत्तसंस्थांनी काय करून पाहिलं

'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१९ मध्ये आयबीएमच्या मदतीने बातमीतल्या छायाचित्रांचा उगम ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा प्रयोग केला. फोटो कोणी, केव्हा, कुठे काढला आणि आधी कुठे छापला, हे वाचकाला फोटोसोबतच दिसावं, अशी कल्पना होती. इटलीच्या 'अन्सा' वृत्तसंस्थेने २०२० मध्ये आपल्या बातम्यांची नोंद इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनवर ठेवायला सुरुवात केली, म्हणजे तिच्या नावावर खपवलेली बनावट बातमी ओळखता यावी. रॉयटर्सने स्टॅनफर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांशी जोडलेल्या 'स्टारलिंग लॅब'सोबत २०२०-२१ च्या अमेरिकी सत्तांतराची छायाचित्रं अशाच पद्धतीने जपली. या प्रयोगशाळेने युक्रेनमधल्या खारकीवच्या शाळांवरील हल्ल्यांचे पुरावे ब्लॉकचेनवर नोंदवून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे दिले. मला यात हा शेवटचा उपयोग सर्वांत मोलाचा वाटतो. युद्धगुन्ह्याचा खटला दहा-पंधरा वर्षांनी उभा राहिला, तरी हा व्हिडिओ नंतर बनवला असं आरोपीला म्हणता येऊ नये, यासाठी अशी नोंद हवी.

'सिव्हिल' या कंपनीची गोष्ट मात्र इशारा देणारी आहे. पत्रकारितेसाठी वेगळं टोकन, म्हणजे स्वतःचं आभासी नाणं, काढायचं, ते विकत घेतलेल्या लोकांनी मतदान करून कोणतं वृत्तसंकेतस्थळ विश्वासार्ह ते ठरवायचं, अशी तिची योजना होती. २०१८ मधली तिची टोकनविक्री किमान उद्दिष्टाच्या जवळपासही पोचली नाही, पैसे परत करावे लागले आणि २०२० मध्ये कंपनी बंद झाली. ज्याच्याकडे जास्त टोकनं त्याचं मत वजनदार, या पायावर बातमीची विश्वासार्हता उभी राहूच शकत नाही. आपल्याकडेही 'बातमी तपासा, टोकन कमवा' असं कोणी सांगत आलं, तर दूर राहा. आभासी चलनाच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के प्राप्तिकर आहे, हेही ही मंडळी सहसा सांगत नाहीत.

आज सर्वांत पुढे गेलेली व्यवस्था ब्लॉकचेनवर अवलंबूनच नाही. ॲडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल यांच्यासारख्या संस्थांनी २०२१ मध्ये 'सीटूपीए' हे सामाईक मानक उभं केलं. त्यात कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर फोटोला डिजिटल स्वाक्षरी जोडतं आणि पुढे केलेले बदलही नोंदवत जातं. लायका कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये ही सोय असलेला पहिला कॅमेरा बाजारात आणला. बीबीसी, गूगल, ओपनएआय यांनी वेगवेगळ्या प्रमाणात हे मानक स्वीकारलं. फोटोच्या कोपऱ्यात 'सीआर' अशी खूण दिसली, किंवा 'कंटेंट क्रेडेन्शियल्स'च्या तपासणी संकेतस्थळावर फोटो टाकला, तर जोडलेली माहिती वाचता येते. दोन गोष्टी मात्र विसरू नका. स्क्रीनशॉट घेतला किंवा व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते, त्यामुळे खूण नसणं हा खोटेपणाचा पुरावा नाही. आणि स्वाक्षरीही फसवली जाऊ शकते. निकॉनच्या एका कॅमेऱ्यात एकावर एक फोटो घेण्याची सोय वापरून भलत्याच चित्रावर अस्सलपणाची स्वाक्षरी मिळवता येते, असं २०२५ मध्ये उघड झालं आणि कंपनीला या स्वाक्षऱ्यांमागची प्रमाणपत्रं रद्द करावी लागली.

स्वतः करून बघा

बातमीदार, छायाचित्रकार आणि संस्थांनी सुरुवात 'ओपनटाइमस्टॅम्प्स'पासून करावी. फाइलवर काळाची मोहोर उमटवणारी ही मोफत सेवा आहे. संकेतस्थळ उघडून फाइल त्यात ओढून टाकायची. फाइल कुठेही पाठवली जात नाही. तुमच्याच ब्राउझरमध्ये तिची हॅश काढली जाते आणि फक्त हॅश पुढे जाते. अशा असंख्य हॅश एकत्र गुंफून त्यांची एकच नोंद बिटकॉइनच्या साखळीवर होते, म्हणून खर्च येत नाही. तुम्हाला 'ओटीएस' शेपटीची एक छोटी फाइल मिळते. मूळ फाइल आणि ही छोटी फाइल एकत्र जपून ठेवा, शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणी. बिटकॉइनवर नोंद पक्की व्हायला काही तास लागतात. नंतर कधीही, कोणालाही या दोन फाइली देऊन तारीख पडताळून घेता येते.

मूळ फाइल कोणती, याबाबत काटेकोर राहा. कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून आलेली, हात न लावलेली प्रतच मूळ. फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही, पण फोटो उघडून थोडासा उजळ करून पुन्हा साठवला तर बदलते. व्हॉट्सॲप फोटो आणि व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळे तिकडून आलेल्या प्रतीची हॅश मूळ प्रतीशी कधीच जुळणार नाही. वार्ताहराने कार्यालयाला फोटो पाठवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते. ही एक सवय लावली तरी निम्मं काम झालं. हॅश स्वतः काढून पाहायची असेल तर संगणकावर सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर बसवा. मग फाइलवर उजवी क्लिक करून एसएचए-२५६ निवडता येतं.

या मोहोरेतून नेमकं काय सिद्ध होतं, ते शांतपणे समजून घ्या. फाइल त्या तारखेला अस्तित्वात होती, एवढंच सिद्ध होतं. ती त्याच दिवशी काढली, असं सिद्ध होत नाही. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुराचा फोटो कोणी आज नोंदवला, तर मोहोर आजचीच बसेल. पण तोच फोटो कोणी २०१९ मध्येच नोंदवून ठेवला असता, तर पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात तो 'आत्ताचा' म्हणून फिरू लागताच पुराव्यासह सांगता आलं असतं, की हा फोटो तेव्हाचा आहे. आपल्याकडच्या खोट्या मजकुरात जुनं नवं म्हणून खपवण्याचा भाग इतका मोठा आहे, की ब्लॉकचेनचा सर्वांत मोठा उपयोग इथेच होईल. त्यासाठी नोंद आधी व्हायला हवी. खोटं पसरायचा वेग पाहता नंतर करायला वेळच मिळत नाही. एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढून २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक निघाली. म्हणून पूर, मोर्चा, दंगल, निवडणूक, जत्रा अशा प्रसंगी काढलेले फोटो त्याच रात्री नोंदवून टाकावेत. हेच प्रसंग पुढे वर्षानुवर्षं अफवांना कच्चा माल पुरवतात.

मोहोरेवर तुमचं नाव नसतं. हा फोटो आमचाच, हे सांगायला डिजिटल स्वाक्षरी लागते, किंवा ती हॅश तुमच्या नावाने जाहीर व्हावी लागते. इथे हेबर आणि स्टॉर्नेटांची युक्ती आपल्या साप्ताहिकांना जशीच्या तशी वापरता येईल. आठवडाभरातले सगळे मूळ फोटो आणि बातम्या एका झिप फाइलमध्ये बांधा, तिची हॅश काढा आणि संपादक-मुद्रकाचा पत्ता छापता त्या ओळीखाली ती ६४ चिन्हं छापा. हाताने टाइप करू नका, एक चिन्ह चुकलं तरी सगळं वाया जातं. जागा असेल तर क्यूआरही द्या. अंक ग्रंथालयात गेला, वर्गणीदारांकडे गेला की तुमच्या संग्रहाला तारीख आणि नाव दोन्ही मिळालं. याला खर्च शून्य आणि हे समजावून सांगायला एक चौकट पुरे.

संपादकांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. वेबवरची बातमी गुपचूप बदलण्याची सवय आपल्याकडे वाढली आहे. सकाळी आरोपीचं नाव असतं, दुपारी गळतं. आकडा चुकतो, बदलतो, आणि वाचकाला कळवलं जात नाही. प्रत्येक आवृत्ती नोंदवायची ठरवली की हा मार्ग बंद होतो. चूक झाली तर जुनी आवृत्ती जपून, नवीवर 'दुरुस्त' असं वेळेसह लिहून तीही नोंदवावी. वाचक चुकीला क्षमा करतो, लपवाछपवीला करत नाही. ब्लॉकचेन वापरण्याचा खरा फायदा मला या शिस्तीत दिसतो.

काही गोष्टी साखळीवर कधीही टाकू नका. अत्याचारग्रस्त व्यक्तीचं नाव, मुलांचे चेहरे, माहिती देणाऱ्याचा पत्ता यातलं काहीही एकदा तिथे गेलं की काढता येत नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. फक्त हॅश टाका. नुसत्या मोबाइल क्रमांकाची हॅशही टाकू नका. दहा आकड्यांचे सगळे क्रमांक एकेक करून ताडून पाहणं संगणकाला अवघड नसतं.

एखादी कंपनी 'ब्लॉकचेनवर आधारित सत्यता' विकायला आली, तर विचारा, साखळी कोणकोणाच्या संगणकांवर चालते? सगळे संगणक त्याच कंपनीचे असतील, तर ती तिची खासगी नोंदवही आहे, ब्लॉकचेन नावापुरती. दुसरं विचारा, तुम्ही उद्या दुकान बंद केलंत तर माझ्या नोंदी मला तुमच्याशिवाय पडताळता येतील का? उत्तर गुळमुळीत आलं तर चहा पाजून निरोप द्या.

तक्रार आणि पुरावा

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्या नमुन्यात फाइलची हॅश आणि ती कोणत्या पद्धतीने काढली, हे लिहायची जागा आहे, आणि पद्धतींत एसएचए-२५६ चं नाव आहे. प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. कायद्यात ब्लॉकचेनचा उल्लेख नाही, त्यामुळे ओटीएस फाइलला पूरक पुरावा समजा. प्रमाणपत्राची जागा ती घेऊ शकत नाही.

तुमच्याबद्दल किंवा तुमच्या गावाबद्दल खोटा मजकूर फिरू लागला, तर घाईने तो पुसू नका आणि रागाने पुढेही पाठवू नका. ज्या फोनवर आला तो फोन, तो संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख-वेळ आणि असल्यास दुवा हे सगळं तसंच ठेवा. आलेली फाइल संगणकावर उतरवून तिची हॅश काढा, कागदावर लिहा, मोहोर उमटवा. नंतर सायबर पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर मदतवाहिनीवर फोन करा, कारण तिथे तासागणिक फरक पडतो.

फक्त वाचणाऱ्यांसाठी

वाचकाला ओटीएस फाइलींच्या वाटेला जायची गरज नाही. उगम विचारायची सवय मात्र हवी. शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर सुट्टी, बदली, महागाई भत्ता यांचे बनावट शासन निर्णय वारंवार येतात. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक असतो आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचा उल्लेख असतो. हा संकेतांक राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकून शोधा. सापडला नाही तर पुढे पाठवू नका. सापडला तर तिथला मूळ कागद उतरवून तोच पाठवा, ग्रुपवर आलेला फोटो नको. डिजिटल सातबाऱ्यावरही पडताळणीचा क्रमांक असतो. कागदावर छापलेली स्वाक्षरी पाहून समाधान मानू नका.

एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला जाहीर इशारा द्यावा लागला, की त्याचे प्रमुख आशिषकुमार चौहान विशिष्ट शेअर घ्यायला सांगत आहेत असे फिरणारे व्हिडिओ बनावट आहेत. त्याच वर्षी जानेवारीत सचिन तेंडुलकर यांनाही आपल्या नावाने फिरणारी एका गेमिंग ॲपची जाहिरात बनावट असल्याचं सांगावं लागलं. अशा व्हिडिओत ओठ नीट हलतात का, हे निरखत बसू नका. तंत्र दर महिन्याला सुधारतं आहे. त्या माणसाच्या किंवा संस्थेच्या अधिकृत खात्यावर तो व्हिडिओ आहे का, एवढंच बघा. फोटो जुना वाटला तर गूगल लेन्सने तो आधी कुठे आला होता ते शोधा. ग्रुप ॲडमिननी एक नियम करावा: कोणी, केव्हा आणि कुठे प्रसिद्ध केलं, हे सांगता येत नसेल तर तो फोटो किंवा व्हिडिओ ग्रुपवर येणार नाही.

आणि एक विनंती जिल्हा माहिती कार्यालयांना आणि पोलीस दलाला. अफवेचं खंडन अनेकदा साध्या फोटोच्या रूपात व्हॉट्सॲपवर सोडलं जातं. असा फोटो अफवा पसरवणाराही दहा मिनिटांत तयार करू शकतो, मग लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा? प्रत्येक खंडन डिजिटल स्वाक्षरीच्या पीडीएफमध्ये द्या, त्यावर तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या मूळ पानाचा क्यूआर द्या, आणि ते पान काढून टाकू नका. स्वाक्षरीची सोय तुमच्याकडे आहे, शासन निर्णय रोज तिनेच निघतात. ती अफवांच्या विरोधातही वापरायला सुरुवात करा.